हिमालयाच्या पायथ्याशी लेकीचा वाढदिवस

आपल्या आजी-आजोबांची खरी जन्मतारीख आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? शाळेच्या दाखल्यावर बहुधा १ जून असते. शाळा जूनमध्ये भरायची. मास्तर पोराकडे पाहून वयाचा अंदाज करायचे, वर्षे मागे मोजायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. जे शाळेत गेलेच नाहीत, त्यांची तेवढीही नोंद नाही. "दुष्काळाच्या साली झाला", "पूर आला त्या वर्षी झाली", एवढ्यावरच त्यांचा जन्म सांगितला जातो. म्हणून आपल्या घरात मुलांचे वाढदिवस होऊ लागले, ही साधी गोष्ट नाही. आपले मूल जन्मले त्या दिवसाची दखल घेतली गेली, असा त्याचा अर्थ आहे.

पण अलीकडे या दिवसाचे काय झाले आहे? हॉल, डीजे, चौकात फ्लेक्स आणि त्यासाठी उधारी. दुसऱ्या दिवशी मुलाला फुगे आठवतात, बापाला हप्ता.

आमची लेक गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दहा वर्षांची होणार होती. शेजारच्या मुलीसारखा हॉल तिलाही हवा होता. माझे मिस्टर कारखान्यात फिटर आहेत, मी घरी शिवणकाम करते. महिना दोन हजारांची भिशी वीस महिने भरली होती. हे पैसे एका संध्याकाळी उडवायचे, की तेवढ्यात मुलांना जग दाखवायचे, असा प्रश्न होता. आम्ही नेपाळ ठरवले. भारतीयांना तेथे व्हिसा लागत नाही, आणि लुंबिनीही वाटेवरच आहे. चाळीत कुणी म्हणाले, "परदेशात वाढदिवस? एवढी ऐपत कधी आली?" कुणी म्हणाले, "सत्तरीच्या म्हातारीला डोंगरात कशाला नेता?" त्यावर सासूबाईच बोलल्या, "रोजगार हमीवर डोंगर फोडलेत मी. नुसतं बघायला काय भ्यायचं?"

लेकीने एकच विचारले, "केक असेल ना?" असेल, म्हटले.

जन्माची नोंद दगडावर

कल्याणहून कुशीनगर एक्सप्रेसने सुमारे दीड दिवसाचा प्रवास करून गोरखपूर गाठले. तेथून बसने तीन तासांत सोनौलीची सीमा येते. कमान ओलांडली की नेपाळ. तेथे मोठ्यांची मतदार ओळखपत्रे दाखवली. सीमेपलीकडचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. धाकटा लगेच ताईला म्हणाला, "तुझा वाढदिवस इथं पंधरा मिनिटं आधी येणार!"

लुंबिनीत सम्राट अशोकाच्या स्तंभापुढे उभे राहिलो. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी अशोक स्वतः येथे आला, त्याने पूजा केली, हा स्तंभ उभारला आणि गावाचा कर कमी केला. भगवान बुद्धांचा जन्म येथे झाला, हे त्याने ब्राह्मी लिपीत कोरून ठेवले. हा लेख १८९६ मध्ये उजेडात आला. लेकीला मी एवढेच सांगितले, "बघ, जन्माची नोंद अशी ठेवतात. आणि नोंद करताना राजाने गावाचे ओझेही हलके केले." सासूबाई बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत होत्या. वाचता आम्हा कुणालाच येत नव्हते.

तेनसिंगचा वाढदिवस

लुंबिनीहून पोखऱ्याला जाणारा रस्ता बुटवलपासून डोंगरात शिरतो. वळणे संपता संपत नाहीत. मुलांना रिकाम्या पोटी आणि तुडुंब पोटीही बसवू नये. संध्याकाळी फेवा तलाव दिसला तेव्हा सगळ्यांचा शीण गेला. तलावापासून थोड्या अंतरावर गल्लीत एका गुरुंग बाईंच्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. तेथे सगळे त्यांना दिदी म्हणतात. आम्हीही म्हणू लागलो.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आंतरराष्ट्रीय पर्वत संग्रहालय पाहिले. डोंगराळ लोकांचे पोशाख, गिर्यारोहकांचे साहित्य, शिखरांची माहिती, सारे नीट मांडले आहे. तेथेच मुलांना तेनसिंग नोर्गेची गोष्ट सांगितली. याला लिहिता-वाचता येत नव्हते. १९३५ मध्ये तो दुसऱ्यांचे सामान वाहणारा हमाल म्हणून एव्हरेस्टच्या मोहिमेत शिरला. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरीबरोबर तो जगातल्या सर्वांत उंच माथ्यावर उभा राहिला. त्याची जन्मतारीख कुणीच लिहून ठेवली नव्हती. पिकापाण्यावरून आणि हवेवरून आपण मेअखेरीस जन्मलो, एवढेच त्याला ठाऊक होते. म्हणून एव्हरेस्ट चढल्यावर त्याने २९ मे हाच आपला वाढदिवस ठरवला.

लेकीने विचारले, "आजी, तुझा वाढदिवस कधी?"

"एक जून. पण तो मास्तरांनी दिलेला. माझी आई म्हणायची, कापूस वेचणी चालू होती तेव्हा झालीस."

मराठवाड्यात कापूस वेचणी कधी असते, हे मुलांना सांगावे लागले. याच दिवसांत, दिवाळीच्या आसपास. लेक म्हणाली, "मग तू पण ठरव ना!" सासूबाई हसल्या. "बघू," म्हणाल्या.

डोंगर दिसला तो दिवस

वाढदिवसाच्या पहाटे पाचला टॅक्सीने सारंगकोटला गेलो. ही टेकडी सुमारे १,६०० मीटर उंच आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईएवढी. थंडीने दात वाजत होते. आधी सगळे राखाडी होते, मग समोरच्या बर्फावर तांबूस रेघ उमटली. मच्छपुच्छ्रे हे शिखर ६,९९३ मीटर उंच आहे. एकावर एक अशा चार कळसूबाई ठेवल्या तरी त्याचा माथा वरच राहतो. १९५७ मध्ये एक ब्रिटिश तुकडी माथ्याजवळून परत फिरली, आणि नेपाळ सरकार या डोंगरावर चढाईची परवानगी देत नाही. धाकट्याने विचारले, "मग नुसता बघायचा?" त्याचे बाबा म्हणाले, "हो. सगळंच आपल्या पायाखाली यायला पाहिजे असं नाही."

तेवढ्यात सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माझा पण आजच धरा."

लेकीने आधी आजीला मिठी मारली, मग व्यवहाराने विचारले, "केक कापायचा कुणी?" दोघींनी, असे ठरले.

संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या छोट्या तसबिरी मांडल्या, मेणबत्त्या लावल्या, त्रिसरण-पंचशील म्हटले. एक लहान केक आणला होता. मी दिदींच्या चुलीवर खीर केली. त्यांनी सेलरोटी तळली. ही तांदळाच्या पिठाची, कड्याच्या आकाराची गोडसर रोटी असते. त्यांनी लेकीच्या गळ्यात पांढरा खादा घातला. हकीकत समजल्यावर आत जाऊन दुसरा आणला आणि तो सासूबाईंच्या गळ्यात घातला. सत्तर वर्षांत वाढदिवस म्हणून कुणी त्यांना काही दिले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

जाणार असाल तर

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. दिवाळी-छठच्या गर्दीत पहिल्याच दिवशी काढावे. मोठ्यांनी मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट बाळगावा, मुलांचे आधार कार्ड व शाळेचे ओळखपत्र घ्यावे. भारतीय शंभर रुपयांना नेपाळी १६० रुपये हा भाव १९९३ पासून कायम आहे. मोठ्या नोटांचे नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत विचारावे. डोंगर स्वच्छ दिसायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

पोखरा सुमारे ८०० मीटरवर आहे, तेथे उंचीचा त्रास होत नाही. पण बरेच जण तेथून जीपने थेट मुक्तिनाथला जातात, ते ३,७०० मीटरहून उंच आहे. साधारण २,५०० मीटरच्या वर भराभर चढले की डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. लहान मूल हे सांगू शकत नाही, नुसते किरकिरते. असे झाले तर पुढे जाऊ नये, खाली उतरावे. ठरलेल्या तारखेला केक वरच कापायचा, असा हट्ट आई-बापांनी धरू नये.

आणि नेपाळला जाणे जमले नाही तरी एक गोष्ट फुकट आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की तुम्ही जन्मलात तेव्हा शेतात काय चालले होते, पाऊस होता की ऊन. ते सांगतील ते वहीत लिहा आणि त्यांना एक दिवस निवडायला सांगा. आमच्या वहीत आता एकाच तारखेपुढे दोन नावे आहेत.