भुसा फुकट आहे, पण आधी वाळवा!

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते आमचं लातूर. तेव्हा मी शाळेत होते. घागर मोजून पाणी वापरायची सवय तेव्हाची, त्यामुळे उन्हाळा आला की गच्चीवरच्या कुंड्यांचं टेन्शन येतंच.

यंदा नांदेडहून घरी जाताना वखारीतून पोतंभर लाकडाचा भुसा नेला. म्हटलं, ओल टिकेल. उत्साहात तो सरळ मातीत कालवला आणि पंधरा दिवसांत मिरचीची रोपं पिवळी! कारण नंतर कळलं. भुशात कार्बन भरपूर, नायट्रोजन अगदी नावाला. तो कुजवणारे जिवाणू मग मातीतलाच नायट्रोजन ओढतात आणि झाड उपाशी राहतं. त्यामुळे भुसा मातीत नाही, मातीवर पसरायचा. दोन बोटं जाडीचा थर, खोडापासून जरा लांब. आता ऊन थेट मातीला लागत नाही आणि रोज पाणी घालावं लागत नाही.

ओला भुसा मात्र आणू नका. पोत्यात तो तापतो, बुरशी धरतो. गच्चीवर ताडपत्री टाकून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. मराठवाड्यात उन्हाची काय कमी!

हाच वाळलेला भुसा रूमवरही कामाला येतो. ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्रत्येक वेळी मूठभर टाकला की पाणी शोषलं जातं, वास आणि चिलटं कमी होतात. पुढे त्याचंच खत होतं. बाईकचं ऑईल फरशीवर सांडलं तर भुसा टाका, दहा मिनिटांनी झाडून घ्या. (घरमालक दिसायच्या आत.)

आजीच्या काळी भुशाची शेगडी असायची. डब्याला खाली भोक, मधे बाटली उभी करून भोवती भुसा ठेचून भरायचा, मग बाटली अलगद काढायची. एकदा पेटली की बराच वेळ जळायची. करून बघायची असेल तर अंगणातच. बंद खोलीत तिचा धूर जिवावर बेतू शकतो.

वखारीत जाताना तोंडाला रुमाल बांधा, बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. आणि भुसा कशाचा ते विचारा. सागवान, बाभूळ, कडुलिंब चालेल. प्लायवूड, एमडीएफचा असेल तर त्यात रासायनिक गोंद असतो. तो कुंडीत नको, शेगडीत तर नकोच.