पुरस्कार मिळतो कुणाला? आधी नाव तर पाठवा!

लोकलच्या गर्दीत ज्यांना हा भाग नीट ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तेच आहे, मधलं अडखळणं तेवढं काढलंय.

तर झालं असं. माझी चुलत बहीण एका विद्यापीठात रसायनशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे का, हे कागदी पट्टीचा रंग बघून कळावं, यावर तिचं काम चालतं. गेल्या वर्षी तरुण शास्त्रज्ञांच्या एका पुरस्काराचं पत्रक तिच्या विभागात आलं आणि फायलीतच पडून राहिलं. ताईला कळलं तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. वयाची अट होती 35. यंदा ताई 36 ची. विषय संपला.

मला आधी वाटायचं, एक समिती बसते, देशभरातलं संशोधन चाळते आणि सगळ्यात भारी माणूस शोधून काढते. तसं काही नसतं. समितीपुढे जी नावं येतात, त्यांतूनच निवड होते. आमच्या आयटीच्या भाषेत, पुल रिक्वेस्टच टाकली नाही तर कोड कितीही चांगला असो, रिव्ह्यू कोण करणार?

शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराचं उदाहरण घ्या. 1958 पासून दिला जाणारा, 45 वर्षांखालच्या शास्त्रज्ञांसाठीचा हा देशातला सगळ्यात मानाचा पुरस्कार. त्यासाठी नावं पाठवायचे कुलगुरू, संस्थांचे संचालक, आधीचे भटनागर मानकरी अशी मंडळी. म्हणजे ज्या संस्थेत असे मानकरी आधीपासून आहेत, तिथल्या तरुणाकडे कुणाचं तरी लक्ष जाणार. राज्य विद्यापीठातल्या एकट्या माणसाचं काय? 1961 मध्ये असीमा चटर्जी हा पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आणि सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर झालेल्या 12 नावांत एकही महिला नव्हती. आता याची जागा राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांमधल्या 'विज्ञान युवा'ने घेतलीय. वयाची अट 45 च आहे, वर्षाला जास्तीत जास्त 25 जण. 2024 मध्ये, पहिल्याच वर्षी, 18 जणांना तो मिळाला.

बरं, नाव पाठवायचं म्हणजे नेमकं काय? साधारणपणे बायोडेटा, निवडक शोधनिबंध, कामाचा थोडक्यात गोषवारा आणि शिफारसपत्रं. खरी गडबड होते ती शेवटच्या दोन गोष्टींत.

मी ताईला म्हटलं, तुझा गोषवारा दाखव. तिने लिहिलं होतं, 'विविध समित्यांवर काम, अनेक शोधनिबंध प्रसिद्ध.' मी म्हटलं, ताई, हे तर कुणीही लिहील. तुझ्या कामाआधी काय होत नव्हतं आणि आता काय होतं? ती पटकन म्हणाली, 'पूर्वी नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवावा लागायचा. आता अंदाज विहिरीवरच येतो.' म्हटलं, हेच पहिलं वाक्य!

शिफारसपत्रांचंही तसंच. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका या दोघींनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदांसाठीची 300 हून अधिक शिफारसपत्रं तपासली आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले. ही सगळी पत्रं निवड झालेल्यांचीच होती. तरी स्त्रियांविषयीची पत्रं सरासरीने लहान होती आणि शंकेचा सूर त्यांत जास्त होता. पुरुषांच्या बाबतीत संशोधनावर भर, स्त्रियांच्या बाबतीत शिकवण्यावर. म्हणजे 'मेहनती आणि मनमिळाऊ' असं लिहिणारे सर चांगल्या मनानेच लिहितात, पण समितीच्या हातात काहीच पडत नाही.

काम समजावून सांगणं किती महत्त्वाचं, हे कळायला आपल्या इचलकरंजीचे सुभाष खोत बघा. 2002 मध्ये त्यांनी 'युनिक गेम्स कंजेक्चर' मांडलं: काही प्रश्नांचं अचूक उत्तर सोडाच, जवळपासचं उत्तर काढणंही संगणकाला अवघड असतं, असा त्याचा रोख. ते अजून पूर्ण सिद्ध झालेलं नाही. तरी 2010 मध्ये त्यांना अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा, तरुण संशोधकांसाठीचा वॉटरमन पुरस्कार मिळाला आणि 2014 मध्ये नेवानलिना पारितोषिक. बुद्धी खोतांचीच, प्रश्नच नाही. पण वॉटरमनसाठीही नामांकन आणि शिफारसपत्रं लागतात. एवढं अवघड काम महत्त्वाचं का, हे कुणीतरी बसून लिहिलंच असणार.

ताईला मी कॅलेंडरमध्ये पुढच्या मुदतींची रिमाइंडर लावून दिलीत. मुदतीच्या दोन महिने आधी, कारण विभागप्रमुखांची सही आणि दुसऱ्या शहरातल्या सरांचं पत्र एका आठवड्यात होत नाही. 45 पर्यंत तिच्याकडे अजून नऊ वर्षं आहेत.

तुमच्या ओळखीत कुणी तरुण प्राध्यापक असेल, तर आज एक मेसेज टाका: 'यंदा तुमचं नाव कोण पाठवतंय?' उत्तर 'माहीत नाही' असं आलं, तर हा भाग त्यांना फॉरवर्ड करा. आणि त्यांच्या विभागप्रमुखांनाही! भेटू पुढच्या भागात.