ठिणगीला भिऊ नका, पण उघड्या डोळ्यांनी पाहू नका



आज आपण वेल्डिंगबद्दल बोलणार आहोत. वेल्डिंग म्हणजे लोखंड वितळवून लोखंडाला जोडणे. काही जणी लगेच म्हणतील, हे तर बाप्यांचे काम. पण जरा घराभोवती नजर टाका. खिडकीचे ग्रिल, गोठ्याचे फाटक, पाण्याच्या टाकीखालचा स्टँड, कडबाकुट्टी यंत्राचा मोडलेला पाय, ट्रॉलीचा तुटलेला आकडा. प्रत्येकाला वेल्डिंग लागते. गावात वेल्डर नसला तर ऐन पेरणीत मोडलेले औजार घेऊन तालुक्याला जावे लागते. त्यात दिवस मोडतो आणि वाफसाही निघून जातो.

शहरातही तेच. मुंबईत सांताक्रूझच्या पूर्वेला वाकोला आहे. एका अंगाला द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या अंगाला मुंबई विद्यापीठाचा कलिना परिसर आणि मध्ये दाट वस्ती. आपल्यापैकी कितीतरी जणींचे भाऊ, दीर, लेक अशा वस्त्यांत राहतात. तिथे गॅलरीला जाळी हवी, दुकानाला शटर हवे, पोटमाळ्याला लोखंडी जिना हवा. काम वाकोल्यात आहे तसे वाडीवरही आहे. प्रश्न एवढाच, की आपल्या बाईने ते शिकायचे कसे आणि कुठे?

आधी काम समजून घेऊ. गावात जे वेल्डिंग दिसते ते बहुतेक विजेच्या कमानीचे, म्हणजे आर्क वेल्डिंग. मशीनच्या एका वायरीचा चिमटा लोखंडाला लावतात. दुसऱ्या वायरीच्या पकडीत वेल्डिंगचा रॉड धरतात. रॉडचे टोक लोखंडाला टेकवून किंचित उचलले की मधल्या फटीतून वीज उडी घेते. तिथली उष्णता काही हजार अंशांची असते. लोखंड साधारण १५०० अंशांना वितळते, म्हणून क्षणात दोन्ही तुकड्यांच्या कडा आणि रॉडचे टोक वितळून एकजीव होतात.

रॉडवर जे राखाडी लेपण असते ते उगाच नसते. ते जळताना धूर आणि वायू होतो. तो वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. हवा लागली तर सांध्यात बारीक भोके पडतात आणि सांधा ठिसूळ होतो. थंड झाल्यावर सांध्यावर काळसर खपली दिसते. ती टोकदार हातोडीने उडवायची, तारेच्या ब्रशने घासायची आणि मगच सांधा कसा झाला ते बघायचे.

आता शिकण्याचे. भाकरी थापायला वहीवरून येत नाही, तसेच हे आहे. फळ्यावर आकृती काढून वेल्डर तयार होत नाही. चांगल्या वर्गात पहिले काही दिवस एकच काम देतात. सपाट पत्र्यावर सरळ रेघ ओढायची. सुरुवातीला रॉड चिकटतो. कमान विझते. रेघ कुठे जाड, कुठे बारीक पडते. यात लाजण्यासारखे काही नाही, प्रत्येकाचे असेच होते.

चार गोष्टी हाताला जमाव्या लागतात. पहिली, रॉड आणि लोखंड यांतले अंतर. ते रॉडच्या तारेच्या जाडीइतके ठेवायचे. दुसरी, रॉडचा कल. तो सरळ उभा न धरता पुढे जाण्याच्या दिशेला थोडा कलता धरायचा. तिसरी, हात सरकवण्याचा वेग. चौथी, मशीनवरचा करंट. सव्वातीन मिलिमीटरच्या आसपासच्या नेहमीच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात. नेमका आकडा रॉडच्या पाकिटावर छापलेला असतो. चारही गोष्टी जुळल्या की आवाजावरून कळते. कढईत भजी तळताना येतो तसा सलग, एकसारखा आवाज येतो. फटफट आवाज येऊन ठिणग्या फार उडाल्या तर काहीतरी चुकते आहे असे समजा. आवाजावरून फोडणी ओळखणाऱ्या बायकांना हे शिकायला वेळ लागत नाही.

रेघ जमली की दोन पट्ट्या शेजारी ठेवून जोडायच्या, मग एकीवर एक, मग काटकोनात. पुढे उभा सांधा आणि शेवटी डोक्यावरचा. या टप्प्यावर शिकवणाऱ्याकडे एक मागणी जरूर करा. काटकोनात जोडलेला तुकडा घणाने मोडून दाखवा म्हणा. आत लोखंड खरोखर एकजीव झाले आहे की वरवर माती लिंपल्यासारखे बसले आहे, हे मोडल्यावरच दिसते. वरून छान दिसणारा सांधा आतून पोकळ असू शकतो. उद्या त्याच सांध्यावर पाण्याने भरलेली टाकी उभी राहणार असते.

आता डोळ्यांचे. या कामातला सगळ्यात मोठा धोका भाजण्याचा नाही, उजेडाचा आहे. त्या उजेडात डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. उघड्या डोळ्यांनी पाहिले तर त्या वेळी काही वाटत नाही. पण काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते आणि पाणी वाहते. अशा वेळी दूध, बटाटा, मध असले उपाय डोळ्यात घालू नका. डॉक्टरकडे जा. वेल्डिंगची काळी काच असलेले शील्डच वापरायचे, उन्हाचा गॉगल चालत नाही. लेकरांनाही जवळ उभे राहून बघू देऊ नका.

कपड्यांचेही तसेच. सिंथेटिक साडी, ओढणी ठिणगीने वितळून अंगाला चिकटते. जाड सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, सुती सलवार किंवा पँट, चामड्याचे हातमोजे, चामड्याचा एप्रन आणि बंद बूट हवेत. केस बांधून आत घ्या. धातूच्या बांगड्या उतरवा. मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या किंवा काढून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच समजावून सांगा. लोखंडातून वीज वाहत असताना गळ्यात लोंबती साखळी नको, एवढेच त्याचे कारण आहे.

ओल्या जमिनीवर उभे राहून काम करू नका. अर्थिंग तपासून घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप जोडताना निघणाऱ्या धुराने ताप भरतो, म्हणून असे काम उघड्या हवेत आणि वाऱ्याकडे पाठ न करता, धूर तोंडावर येणार नाही असे बसून करा. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. डिझेलचे किंवा औषधाचे रिकामे बंद पिंप कधीही वेल्डिंगला घेऊ नका. ते रिकामे दिसले तरी आतली वाफ स्फोट करते.

बाईला हे जमेल का, ही शंका जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढायला गेले तेव्हा अमेरिकेतल्या जहाजांच्या कारखान्यांत हजारो बायकांनी वेल्डिंग केले. आपल्याकडे बघायचे तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातले पाबळ बघा. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, हा त्यांचा विचार. तिथल्या एक वर्षाच्या निवासी ग्रामीण तंत्रज्ञान अभ्यासक्रमात शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, वीज आणि ऊर्जा यांच्याबरोबर वर्कशॉपचे कामही असते. मुलगा स्वयंपाकघरातले शिकतो आणि मुलगी वेल्डिंग करते. केलेली वस्तू गावातल्या माणसाच्या उपयोगाला जाते, म्हणून ती चांगलीच करावी लागते.

आपल्याला कोणती दारे उघडी आहेत? अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात नोकरी सांभाळून वेल्डिंग शिकता येते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली. पण गावाला त्याहून जवळची तीन ठिकाणे आहेत. पहिले आयटीआय. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि आठवी पासवर प्रवेश. वाकोल्यातल्या मुलीला कुर्ला, मुलुंडच्या आयटीआयमध्ये चौकशी करता येईल, तुम्हाला तालुक्याच्या. दुसरे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. ती बँक चालवते. प्रशिक्षण मोफत आणि राहण्या-जेवणाची सोय. उमेद अभियानातल्या गटांना तिथे नावे देता येतात. तिसरे जन शिक्षण संस्थान. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी ते आहे. याची सुरुवात १९६७ साली मुंबईत वरळीला श्रमिक विद्यापीठ म्हणून झाली. वेल्डिंगचा वर्ग या वेळी आहे का, हे प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या.

नाव घालण्याआधी दोघी-तिघींनी मिळून वर्कशॉप बघून या आणि विचारा. मशिनी किती आणि शिकणारे किती? रोज प्रत्येकीच्या हाताला किती वेळ रॉड मिळेल? शील्ड, हातमोजे बायकांच्या मापाचे आहेत का? बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? परत यायला एसटी कितीला आहे? वीस जणींत एक मशीन असेल तर प्रमाणपत्र मिळेल, पण हात तयार होणार नाही. ते प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि फाटक जोडायला पुन्हा दुसराच कोणी बोलवावा लागेल.

शिकून आल्यावर पहिल्याच महिन्यात कर्ज काढून मोठे दुकान थाटू नका. आधी कोणाकडे तरी हाताखाली काम करा. आता इन्व्हर्टरची लहान मशीन मिळते. ती घरगुती सिंगल फेजवर चालते आणि एका हाताने उचलता येते. पण मीटरचा मंजूर भार पुरतो का, हे महावितरणकडे विचारूनच घ्या.

हिशेबाची एक युक्तीही सांगते. गोल सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिच्यानेच गुणा आणि १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोत मिळते. १० मिलिमीटरची सळई असेल तर १०० भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ६१७ ग्रॅम. ग्रिलला अशी १८ मीटर सळई लागली तर लोखंड झाले ११ किलोच्या थोडे वर. त्यात रॉड, वीज, रंग, वाहतूक आणि तुमची मजुरी धरा. बायका मजुरी धरायलाच विसरतात. ती आधी लिहा.

पुढच्या मासिक बैठकीत वसुलीचे काम आटोपले की एवढा एकच विषय घ्या: आपल्या गटातून कोण जाणार, आणि ती वर्गाला गेल्यावर तिच्या घरचे, जनावरांचे कोण बघणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गटाने दिले, तर पहिल्याचे उत्तर आपोआप मिळेल.