जागा शिल्लक, तरीही सर्व्हर भरलेला

जनरल रजिस्टरची जुनी पाने स्कॅन करून संगणकावर ठेवण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. शाळा सोडल्याचा दाखला वा जात पडताळणीसाठी प्रवेशनोंदीचा उतारा मागण्यास माजी विद्यार्थी दूरदूरून येतात, आणि ज्या पानाला वाळवी लागली त्याची दुसरी प्रत कोठेही नसते. म्हणून ज्या सर्व्हरवर हे काम चालते त्याच्या मर्यादा स्मरणिकेच्या वाचकांसही ठाऊक असाव्यात, असे आम्हांस वाटते.

सर्व्हर जुना असून त्यावर लिनक्सची ईएक्सटी३ ही फाइल सिस्टिम आहे. २००१ साली लिनक्सच्या गाभ्यात आलेली ही रचना भरवशाची आहे. पण तिच्यात एक चमत्कारिक अवस्था उद्भवू शकते. डिस्कवर निम्मी जागा मोकळी दिसते, आणि नवी फाइल ठेवू गेल्यास ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो.

वसतिगृहात राहिलेल्यांना याचे कारण चटकन उमगेल. खाटा रिकाम्या आहेत, पण हजेरीपटातील ओळी संपल्या. मग नव्या मुलाची नोंद करायची कोठे? फाइल सिस्टिममधील या ओळीस आयनोड म्हणतात. फाइलचा मालक, आकार, तारीख आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे, हे सारे तीत असते. ओळी किती, हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. दर १६ केबीमागे एक, हे प्रचलित प्रमाण धरल्यास १०० जीबीला सुमारे ६५ लाख ओळी मिळतात. मोठ्या छायाचित्रांना त्या पुरून उरतात. त्या फस्त करतात त्या चिमुकल्या फाइली: संकेतस्थळाच्या तात्पुरत्या नोंदी, छायाचित्रांच्या लघुप्रती, साचलेली टपाले. एक केबीच्या फाइललाही पूर्ण ओळ लागते. ‘डीएफ’ या आज्ञेला ‘आय’ हा पर्याय जोडला की उरलेल्या ओळी कळतात. हे न पाहता नवी डिस्क विकत आणण्याची घाई आम्हांस मान्य नाही.

दुसरी मर्यादा फोल्डरांची. ईएक्सटी३ मध्ये एका फोल्डरात ३१,९९८ पेक्षा अधिक उपफोल्डर मावत नाहीत. प्रत्येक उपफोल्डर आपल्या पालक फोल्डरकडे एक दुवा राखतो, आणि अशा दुव्यांची कमाल संख्या ३२,००० आहे. त्यांतील दोन त्या फोल्डरच्या स्वतःच्याच असतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचा फोल्डर एकाच ठिकाणी न करता आधी प्रवेशवर्षाचा करावा आणि त्यात रजिस्टर क्रमांकाचा.

ओळी संपल्या असतील तर तात्पुरत्या फाइली काढाव्यात आणि जुन्या लहान फाइलींचा एकच गठ्ठा बांधून ठेवावा. एवढ्याने भागले नाही तर सर्व मजकूर अन्यत्र उतरवून डिस्क अधिक आयनोड देऊन पुन्हा फॉरमॅट करणे, किंवा गरजेप्रमाणे आयनोड निर्माण करणारी एक्सएफएस वापरणे, हाच मार्ग उरतो. नुसते ईएक्सटी४ मध्ये रूपांतर केल्याने ओळी वाढत नाहीत. पुसण्यापूर्वी उतरवलेली प्रत उघडून पाहिलीच पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांस एक विनंती. छायाचित्रे पाठवताना फाइलच्या नावात वर्ष आणि गाव अवश्य लिहावे, पण सर्वांची नावे लिहू नयेत. नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा व हलन्तासह, तीन बाइट घेते. एकटा ‘विद्यार्थी’ हा शब्दच ३० बाइटांचा होतो. नावांची यादी सोबत वेगळ्या कागदावर द्यावी.