छाप्यासाठी विमान कसे निवडतात?

शत्रूच्या मुलखात अचानक उतरायचे, नेमके काम उरकायचे आणि तो चालून येण्यापूर्वी परत निघायचे, याला छापा म्हणतात. अशा छाप्यांच्या हकीकती वाचताना आपले लक्ष साहजिकच सैनिकांच्या शौर्याकडे जाते. त्यांना नेणारे विमान वेगवान असले की झाले, अशी आपली समजूत असते. पण मोहीम आखणारा माणूस वेगाचा विचार बराच मागाहून करतो. तो आधी चार प्रश्न विचारतो. उतरायला जागा किती? न्यायचे-आणायचे काय आणि किती? परतीचे इंधन कोठून? आणि वाटेत काही यंत्रे निकामी झाली तर उरलेल्यांवर काम भागेल काय?

पहिला प्रश्न जागेचा. उत्तर व्हिएतनाममध्ये हनोईच्या पश्चिमेस सोन ताय येथे अमेरिकन युद्धकैद्यांचा तुरुंग होता. त्यांना सोडविण्यासाठी नोव्हेंबर १९७० मध्ये ५६ सैनिक पाठविण्यात आले. पहारेकऱ्यांना कैद्यांवर हात टाकण्यास सवड मिळू नये म्हणून एक तुकडी थेट भिंतीच्या आत उतरणे अवश्य होते. पण आतले आवार लहान आणि झाडांनी वेढलेले. तेथे मोठे एचएच-५३ हेलिकॉप्टर मावण्याजोगे नव्हते. म्हणून त्याहून लहान एचएच-३ निवडले, आणि तेही मुद्दाम आदळवून तेथेच सोडून द्यायचे असे ठरविले! हे हेलिकॉप्टर वेगाला कमी. तेव्हा वाट दाखविणाऱ्या हर्क्युलिस विमानाने आपली गती जवळजवळ पडण्याच्या बेतापर्यंत उतरवली आणि हेलिकॉप्टर त्याच्या मागच्या हवेच्या ओढीचा आधार घेत गेले. उतरणे साधले, छापा घालणारा एकही सैनिक दगावला नाही; परंतु कैद्यांना आधीच दुसरीकडे हलविले होते. विमानाची निवड बरोबर होती, बातमी शिळी होती.

दुसरा आणि तिसरा प्रश्न १९७६ च्या एन्टेबे प्रकरणात एकदमच उभे राहिले. पळविलेल्या फ्रेंच विमानातील शंभराहून अधिक ओलीस युगांडात होते, आणि इस्राएलपासून ते ठिकाण सुमारे ४,००० किलोमीटर दूर. इतक्या लांब हेलिकॉप्टर जाणे शक्य नव्हते. प्रवासी जेट वेगाने पोचले असते. पण त्याचे दार उंचावर, शिडीवाचून उतरता येत नाही आणि त्यातून मोटार बाहेर काढता येत नाही. हर्क्युलिस हे मालवाहू विमान मात्र जमिनीशी बुटके असते. मागचा उतार खाली टाकला की गाड्या सरळ धावपट्टीवर येतात. ३ आणि ४ जुलैच्या मधल्या रात्री पहिल्या विमानातून एक काळी मर्सिडीज आणि दोन लॅण्डरोव्हर अशाच बाहेर पडल्या. परतीच्या साऱ्या प्रवासाला पुरेल इतके इंधन मात्र चारही विमानांत नव्हते; ते वाटेत नैरोबीस घ्यावे लागले. १०२ जणांची सुटका झाली. छाप्यात तीन ओलीस आणि चढाई करणाऱ्या तुकडीचे नायक योनातान नेतान्याहू प्राणास मुकले. इस्पितळात असलेल्या डोरा ब्लॉक या वृद्ध बाईंची नंतर हत्या झाली.

चौथा प्रश्न सर्वांत रुक्ष, म्हणून त्याचीच हेळसांड होते. तेहरानमधील वकिलातीत कोंडलेल्या अमेरिकनांना सोडविण्याचा प्रयत्न एप्रिल १९८० मध्ये झाला. शहराच्या मध्यात धावपट्टी कोठली? तेव्हा हेलिकॉप्टर हवेच. विमानवाहू नौकेवर सामावणारे, भार उचलणारे आणि लांब पल्ल्याचे म्हणून आरएच-५३डी निवडले. मूळ ते समुद्रातील सुरुंग साफ करण्याचे. त्यांना एका दमात तेहरानपर्यंत मजल मारता येईना, म्हणून हर्क्युलिस विमानांनी वाळवंटात उतरून त्यांना इंधन द्यावे असे योजले. मोहिमेला निदान सहा हेलिकॉप्टरे लागणार होती; निघाली आठ. एक पंख्याच्या पात्यात दोष दिसल्याने वाटेतच सोडावे लागले, दुसरे धुळीच्या लोटात उपकरणे बिघडून परत फिरले, तिसरे वाळवंटात पोचले पण त्याचा एक पंप निकामी झालेला. उरली पाच. मोहीम रद्द झाली. परतीच्या गडबडीत, धुळीमुळे काही दिसेनासे झाले असताना, एका हेलिकॉप्टरचा पंखा इंधनाने भरलेल्या हर्क्युलिसवर आदळला आणि आठ जण जळून मेले. ओलीस सुटले ते जानेवारी १९८१ मध्ये, वाटाघाटींनी.

या अपघातानंतर हेलिकॉप्टरासारखे उभे उतरणारे आणि विमानासारखे लांब जाणारे यंत्र हवे, या मागणीने जोर धरला. पंखाच्या टोकांवरील यंत्रे वळविणारे ऑस्प्रे त्यातून पुढे आले. पण उतरताना तेही धुळीचे मोठे लोट उठवतेच. एका सोयीसाठी दुसरी गैरसोय पत्करावी लागते.

सारांश, सर्व कामांना सारखेच उत्तम असे विमान नाही. सोन तायचे आवार, एन्टेबेचे अंतर आणि तेहरानमधील धावपट्टीचा अभाव यांनीच आपापली विमाने ठरविली. तेहरानच्या वेळी आणखी काही हेलिकॉप्टरे द्यायला हवी होती, असे पुढे अमेरिकेच्याच चौकशी मंडळाने नमूद केले. राखीव यंत्र कागदावर उधळपट्टीसारखे दिसते खरे. परंतु त्याचा हिशेब माणसांच्या प्राणांशी मांडावा लागतो.