दोरीने मोजलेली रास

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. मोठी रास असली की या मोजणीत अर्धा दिवस जाई. रास न हलवता नुसत्या दोरीनेही मोजता येते, हे मला चाळिशी उलटल्यावर 'लीलावती' हाती आली तेव्हा कळले. गणिताचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. म्हणून प्रत्येक सूत्र स्वतः ताडून पाहावे लागते. या सूत्राने मला बराच काळ अडवून धरले.

भास्कराचार्यांच्या या ग्रंथात (इ.स. 1150) 'राशिव्यवहार' हे छोटेसे प्रकरण आहे. जमिनीवर ओतलेल्या राशीचा परिघ मोजावा. उंची मोजायची नाही. ती ठोकळ धान्यात परिघाचा दहावा भाग, बारीक धान्यात अकरावा आणि कुसळाच्या धान्यात नववा धरावी. मग परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणावे. येणारे घनहात म्हणजेच मागधी खारी. परिघ 60 हात असेल, तर ठोकळ धान्य 10 × 10 × 6, म्हणजे 600 खारी.

उंचीचा नियम निरीक्षणातून आलेला दिसतो. धान्य ओतत गेले की त्याचा उतार एका कोनावर स्थिरावतो. वरील प्रमाणांतून हे कोन अनुक्रमे सुमारे 32, 30 आणि 35 अंश येतात. कुसळे एकमेकांत अडकतात म्हणून ती रास उभट. बारीक दाणा घरंगळतो म्हणून ती बसकी.

पण हा 'सहावा भाग' कुठला? रास म्हणजे शंकू. निमुळत्या घनाचे घनफळ तेवढ्याच तळाच्या व उंचीच्या सरळ घनाच्या एक तृतीयांश असते. हे सहज सुचणारे नाही: आर्यभटाने (इ.स. 499) त्रिकोणी तळाच्या सूचीला निम्मे घेतले होते, ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात (इ.स. 628) एक तृतीयांश आहे. आता तळाचे क्षेत्रफळ म्हणजे परिघाचा वर्ग भागिले चार पाय. त्याला उंचीने गुणून तिसरा हिस्सा घेतला, की भाजक बारा पाय होतो. पाय म्हणजे 3 धरला तर बारा त्रिक छत्तीस; आणि छत्तीस म्हणजे सहाचा वर्ग. सहाच्या आड तीन दडलेला आहे.

भास्कराचार्यांना सूक्ष्म किंमत ठाऊक होती. याच ग्रंथात त्यांनी 3927/1250, म्हणजे 3.1416 दिली आहे. गोलाचे घनफळ पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा, हे त्यांचे सूत्रही अचूक आहे. 'गोलाध्याया'च्या भाष्यात त्यांनी गोलाच्या पृष्ठापासून केंद्रापर्यंत निमुळत्या सूच्या कल्पून त्याची उपपत्तीही सांगितली. मग खळ्यावर 3 का?

उत्तर उंचीत आहे. नवव्या आणि अकराव्या भागात वीस टक्क्यांहून अधिक अंतर पडते. दाणा ओला की सुका, यानेही उतार बदलतो. जिथे उंचीच अंदाजाची, तिथे पायची दशांशस्थळे मोजून काय उपयोग? हे मला पटते, पण पुरते नाही. उंचीचा अंदाज कधी वर जाईल, कधी खाली. तीनची चूक मात्र नेहमी एकाच बाजूला झुकते. सूक्ष्म किमतीने 600 खारींची ती रास सुमारे 573 भरते. धर्मशास्त्रातला राजाचा सहावा वाटा या अंदाजावर घेतला, तर साडेपंच्याण्णवऐवजी 100 खारी जातील. हात दीड फुटाचा धरला, तर एक खारी सुमारे 95 लिटरची. म्हणजे चारशे लिटरांहून अधिक धान्य नुसत्या सूत्रापायी जाते. तसा वाटा कुठे घेतला गेला, असे मी म्हणत नाही. सूत्र कोणाकडे झुकते, एवढेच दाखवतो.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी शेतकऱ्याच्या घरचा असेल, तर परिघाचा सहावा भाग काढताना त्याने पायलीने मोजलेली रास आठवून पाहिली असेल का? पायलीला वेळ लागे खरा. पण तिच्यातला प्रत्येक दाणा रास ज्याची, त्याच्या डोळ्यांदेखत मोजला जाई.