दिलीप प्रभावळकर

दिलीप प्रभावळकर (जन्म : ४ ऑगस्ट १९४४, मुंबई) हे मराठी दूरचित्रवाणी, रंगभूमी व चित्रपट या तिन्ही क्षेत्रांतील अभिनेते आणि विनोदी व बालसाहित्याचे लेखक आहेत. मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या मालिकेतील चिमणराव आणि अल्फा मराठी वाहिनीवरील ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेतील आबा टिपरे या त्यांच्या दूरचित्रवाणीवरील सर्वाधिक परिचित भूमिका होत. या दोहोंमध्ये सुमारे दोन तपांचे अंतर आहे. मालिकेतील एखाद्या पात्राशी कायमचे जोडले जाण्याचा जो धोका दूरचित्रवाणीवरील नटास असतो, तो प्रभावळकरांनी या मधल्या काळात कसा टाळला, हा त्यांच्या कारकिर्दीच्या अभ्यासातील महत्त्वाचा भाग आहे.

प्रारंभ

प्रभावळकरांचे शिक्षण विज्ञान शाखेतील. आरंभीची बरीच वर्षे त्यांनी नोकरी सांभाळून नाटकांत कामे केली. नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या बालनाट्य चळवळीतून ते रंगभूमीवर आले. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात त्यांनी चेटकिणीची भूमिका केली आणि ती गाजली. पुरुष नटाने रंगवलेली ही चेटकीण मुलांना घाबरवीत असे आणि हसवीतही असे. आवाज, चाल आणि रंगभूषा यांच्या साहाय्याने मूळ व्यक्ती पूर्णपणे झाकून टाकण्याची त्यांची पद्धत या भूमिकेतच दिसते.

चिमणराव

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा चित्र कृष्णधवल होते आणि प्रेक्षकांना दुसरी वाहिनी उपलब्ध नव्हती. अशा काळात, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, विनोदी लेखक चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या कथांवर आधारलेली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही मालिका प्रसारित झाली. प्रभावळकरांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ साकारला.

मूळ व्यक्तिरेखा वाचकांच्या मनात पक्क्या बसलेल्या होत्या. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनी हीच जोडी पडद्यावर आणली होती. भित्रा, पापभीरू, घरातल्या माणसांपुढे नमते घेणारा चिमणराव आणि त्याचा दणकट, फटकळ आतेभाऊ गुंड्याभाऊ, शिवाय काऊ, राघू, मैना व मोरू हा संसार अनेक घरांत जवळच्या नात्यातला असल्यासारखा ओळखीचा होता. पुस्तकातील प्रत्येकाच्या कल्पनेतला चिमणराव बाजूला सारून एकच चेहरा लोकांना पटवून द्यावा लागणार होता. तिशी ओलांडलेल्या प्रभावळकरांनी ते साधले. त्यांचा चिमणराव विनोद करीत नाही. तो अडचणीत सापडतो आणि त्या अडचणीस मनापासून गंभीर मानतो. त्यामुळेच हसू येते. १९७९ मध्ये याच नावाचा चित्रपटही प्रदर्शित झाला.

एकच वाहिनी असल्यामुळे घरोघरी तोच कार्यक्रम पाहिला जाई, आणि ज्यांच्याकडे संच नसे ते शेजाऱ्यांकडे जाऊन बसत. आज वरळीच्या केंद्राची मक्तेदारी संपली आहे. मालिकांचे चित्रीकरण घोडबंदर, मीरा रोड, नायगाव अशा मुंबईबाहेरच्या पट्ट्यात उभारलेल्या सेटवर होते आणि नटांची संख्या कैक पटींनी वाढली आहे. त्या वेळच्या एका मालिकेने मिळणारी ओळख आता सहसा मिळत नाही; पण तशी ओळख नटाला जखडूनही टाकत असे. चिमणरावाच्या जोरावर त्याच धाटणीच्या भोळ्या गृहस्थाच्या भूमिका प्रभावळकरांना पुढे आयुष्यभर करता आल्या असत्या.

ओळख पुसण्याचा काळ

पुढील भूमिकांची निवड पाहिली, तर ती मुद्दाम विरुद्ध दिशेने केलेली वाटते. दूरदर्शनच्याच ‘साळसूद’ या मालिकेत ते खलवृत्तीच्या माणसाच्या भूमिकेत दिसले. संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’ (१९९१) या चित्रपटात त्यांनी बौद्धिक वाढ खुंटलेल्या नंदूची भूमिका केली. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये ते तात्या विंचू हा गुंड झाले. या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि त्यानंतरचे बरेचसे काम रामदास पाध्ये यांनी घडविलेला व चालविलेला बाहुला करतो. तरीही तात्या विंचूची दहशत थोड्या वेळापुरत्या दिसणाऱ्या मूळ माणसातून आलेली आहे. चिमणराव पाहिलेल्या प्रेक्षकाला तात्या विंचू हा तोच नट आहे हे सांगावे लागे. नटाला याहून मोठी पावती मिळणे कठीण.

रंगभूमीवर ‘हसवाफसवी’ या नाटकात त्यांनी हीच वृत्ती टोकाला नेली. नाटक त्यांनी स्वतः लिहिले आणि त्यातील सहा वेगवेगळ्या भूमिका स्वतःच केल्या. त्यांपैकी कृष्णराव हेरंबकर हे संगीत नाटकांच्या काळातील थकलेले गायकनट विशेष लक्षात राहिले. आधीच्या प्रवेशांत वेषांतराची गंमत असते, हेरंबकरांपाशी मात्र प्रेक्षागृह शांत होत असे. पुढे पुष्कर श्रोत्री यांनी या नाटकाचे पुनरुज्जीवन केले.

आबा टिपरे

प्रभावळकरांनी दैनिक ‘लोकसत्ता’मध्ये ‘अनुदिनी’ हे सदर लिहिले होते आणि पुढे त्याचे पुस्तक झाले. त्यावर आधारित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही केदार शिंदे दिग्दर्शित मालिका २००१ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) वाहिनीवर सुरू झाली. प्रभावळकरांचे वय तेव्हा सत्तावन्न होते. साकारायचे होते वयोवृद्ध आजोबा. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम आणि रेश्मा नाईक हे टिपरे कुटुंबातील अन्य कलावंत.

मालिकेचा घाट रोजनिशीचा आहे. घरात घडलेली साधी गोष्ट आबा लिहून ठेवतात. कारस्थाने, मालमत्तेची भांडणे, हरवलेले वारस अशा गोष्टींकडे मालिका वळत असताना टिपरे कुटुंबापुढचे प्रश्न फोनचे बिल, मुलाचे शिक्षण, सोसायटीतील कुरबुरी एवढेच राहिले. चिं. वि. जोशींचा मध्यमवर्गीय विनोद येथे निराळ्या पिढीत पुढे चालू झालेला दिसतो. फरक एवढाच की चिमणराव संसारात गुरफटलेला होता, आणि आबा तो एक पाऊल मागे उभे राहून पाहतात. स्वतः निर्मिलेली व्यक्तिरेखा स्वतःच साकारल्यामुळे लेखक व नट यांच्यातील अंतर येथे उरत नाही. पुढे २०१७ मध्ये ‘चूक भूल द्यावी घ्यावी’ या झी मराठीवरील मालिकेत त्यांनी सुकन्या कुलकर्णी यांच्यासमवेत वृद्ध दांपत्य रंगविले.

हिंदी चित्रपट व नंतरचे काम

राजकुमार हिरानी यांच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) या चित्रपटातील महात्मा गांधींच्या भूमिकेमुळे प्रभावळकर देशभर परिचित झाले. हे गांधी केवळ मुन्नालाच दिसतात. त्यामुळे भूमिका ऐतिहासिक व्यक्तीची असूनही तिचा सूर घरातील समजूतदार वडीलधाऱ्याचा ठेवावा लागला. हा चित्रपट आणि गजेंद्र अहिरे यांचा ‘शेवरी’ या दोहोंतील अभिनयासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. आदित्य सरपोतदार यांच्या ‘नारबाची वाडी’ (२०१३) मध्ये आपली वाडी न सोडणारा कोकणी म्हातारा त्यांनी उभा केला. ‘दशावतार’ (२०२५) मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, ते दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री या प्रमुख भूमिकेत दिसले. त्यात त्यांना नटाचीच भूमिका करावयाची होती, आणि तीही चेहरा रंगवून देव व दानव उभे करणाऱ्या नटाची.

लेखन

मुलांसाठी लिहिलेली ‘बोक्या सातबंडे’ ही पुस्तकमाला त्यांच्या लेखनात सर्वाधिक वाचली जाते. तिच्यावर आधारित चित्रपट २००९ मध्ये आला. ‘गुगली’ व ‘कागदी बाण’ ही विनोदी लेखनाची पुस्तके आहेत. ‘एका खेळियाने’ या पुस्तकात त्यांनी आपल्या अभिनयप्रवासाविषयी लिहिले आहे.